अकोल्यातलं कानो

२२ जून

या हातांनी केलेल्या वस्तू आणि प्रतिकृती, आठवतील तशा लिहितो. अकोटच्या शाळेसाठी मोटेची विहीर, सागवानी, चामड्याच्या मोटेसकट. बैल पुढे सरकवले की पाणी खरोखर वर यायचं. सरकी काढायचा रेचा, चालू स्थितीत. गाविलगड, एकेक बुरूज जागेवर जाऊन मापून. अंजनगावचा पानमळा, त्यातलं प्रत्येक पान हिरव्या कापडाचं आणि प्रत्येकाला शिरा. पूर्णेवरचा रेल्वेपूल. माझ्या घराचा जिना. रागिणीचा पाळणा. गणपतीचे देखावे यात धरत नाही. ते दहा दिवसांचे असतात आणि त्यांचं कापड मंडळवाले कधी परत करत नाहीत.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. अंजनगावला आमची पिढ्यान्‌पिढ्यांची भाजी-फुलांची शेती, ती मोठे बंधू किसनराव पाहतात. ते चारचौघांत म्हणतात, "माळ्याच्या घरचा चंद्रभान मातीतच हात घालते, पन त्यातून काई उगवत नाई." हसतात लोक. हसोत.

आज अमरावतीहून चंदन आला. तिथल्या एका गणेश मंडळाचा अध्यक्ष, तिशीच्या आतला, गळ्यात माझ्या करंगळीएवढी साखळी. यंदा त्यांना आफ्रिकेचा देखावा हवा आहे. "भाऊ, दहा-बारा झोपड्या, काळे पुतळे, हातात भाले, मधात जाळ. नगारे वाजले पाह्यजेत. पब्लिक हादरली पाह्यजे." आगाऊ रक्कम ठेवून गेला. काम सोपं आहे. सोपं काम मला आवडत नाही.

२४ जून

वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा प्रथमच काही उपयोग झाला. नाव तानिमू गर्बा. नायजेरियाच्या उत्तरेकडच्या कानो शहराचा, हाऊसा लोकांपैकी. वय सत्तावीस. इथल्या एका खाजगी कॉलेजातून शेतीशास्त्रात एम.एस्सी. झाला, निकाल लागून वर्ष होत आलं. त्याच्या राज्याचं सरकार फी भरत होतं, ते मध्येच थांबलं. दोन लाख दहा हजार थकले म्हणून कॉलेजने पदवीचं प्रमाणपत्र अडवून ठेवलं आहे. त्याच्या गावच्या शेतकी शाळेत मास्तरची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, पण प्रमाणपत्राशिवाय ती मिळत नाही. लग्नही ठरलेलं, तेही त्या जागेवर अडलेलं. व्हिसा ऑक्टोबरच्या शेवटी संपतो. त्याच्या आत कागद मिळाला तर ठीक, नाहीतर चार वर्षं पाण्यात. पोरगा दिवसभर खोलीत पडून असतो किंवा गच्चीवर फेऱ्या मारतो.

गल्लीत त्याला सगळे तानाजी म्हणतात. माझी बायको जमुनाही म्हणते. मी एकटा नाव बरोबर घेतो.

त्याला विचारलं, तुमच्याकडे झोपडी कोणत्या गवताने शाकारतात? तो हसायलाच लागला. चार वर्षांत चहाच्या टपरीवर शिकलेली त्याची भाषा. म्हणाला, "काका, मी झोपडीत राह्यलो नाई कधी. आमचं घर मातीचं, वर धाबं. तुमच्या अंजनगावच्या घरासारखं." मोबाईलवर फोटो दाखवला. मातीचा तट, भुसावळच्या गाडीएवढा लांब, त्यात दरवाजा. धाब्यांच्या, म्हणजे मातीच्या सपाट छतांच्या, कोपऱ्यांवर मातीची शिंगं उभी केलेली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मी विचारलं, हे कधीचं? म्हणाला, "जुनं हाय." जुनं म्हणजे किती जुनं? "लय जुनं, काका."

लय जुनं! हे काही उत्तर झालं?

२ जुलै

लेक रागिणी अमरावतीला एम.ए. करते, तिच्याकडून ग्रंथालयातली पुस्तकं मागवली. इंग्रजी आहेत. कोश घेऊन बसतो. इथे कोणालाच यातलं काही माहीत नाही. आम्हाला आफ्रिका म्हणजे सिंह आणि दुष्काळ.

हाऊसांची मूळ सात नगरं. पहिलं दौरा नावाचं. तिथल्या विहिरीत एक साप होता, तो आठवड्यातून एकच दिवस पाणी भरू द्यायचा. परमुलखातून आलेल्या एका स्वाराने सापाचं मुंडकं उडवलं आणि तिथल्या राणीशी लग्न केलं. त्यांच्या वंशाची ही नगरं. आम्हा खारपाणपट्ट्याच्या शेजारी वाढलेल्यांना ही गोष्ट समजवावी लागत नाही. इकडच्या विहिरींत साप नाही, मीठ आहे, एवढाच फरक.

कानोचा तट आठ-नऊशे वर्षांमागे बांधायला घेतला. आत बाजार, शेतं, तळी. कापूस तिथलाच. बाया सूत काढत, पुरुष विणत, मग जमिनीत खोदलेल्या निळीच्या हौदात कापड बुडवून, लाकडी मोगऱ्यांनी कुटून कुटून त्याला चकाकी आणत. ते उंटांवर लादून वाळवंटापलीकडे जाई. युरोपात ज्याला मोरोक्कोचं चामडं म्हणत, त्यातलं पुष्कळसं हाऊसा मुलखातल्या बकऱ्यांचं होतं.

आणि हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. १९०३ साली इंग्रजांनी कानो घेतलं, वऱ्हाड त्याच्या पन्नास वर्षं आधी. दोन्हीकडे डोळा कापसावर. कापसासाठी कानोपर्यंत रेल्वे नेली, आणि गाडी पोचली तेव्हा शेतकऱ्यांनी भुईमूग लावला, कारण भाव भुईमुगाला होता! वर जाऊन तानिमूला सांगितलं. म्हणाला, "हे मले माहीतच नव्हतं." मग विचारतो, "काका, कॉलेजातून कोनाचा फोन आला होता का तुमाले?"

झोपड्या रद्द. मी कानो करणार आहे. मंडळाला आयती सोन्याची खाण मिळते आहे.

९ जुलै

बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात टिनाची शेड घेतली. दार एक, खिडकी गंजून चिकटलेली. बाहेर झड लागली आहे आणि आत उबारा. श्वास घेतला की ओल्या बारदानाचा वास छातीत बसतो. माती वाळत नाही. पंखा लावला तर एका बाजूने वाळते आणि तडकते.

हाऊसा गवंडी चौकोनी वीट वापरत नसे. हाताने घडवलेली, पेरूच्या आकाराची वीट, तुबाली, टोक वर करून चिखलात बसवायची. मीही तसंच करणार, बोराएवढ्या तुबाल्या. वरून प्लास्टर फासून आत थर्माकोल भरणारे खूप आहेत. जुन्या गावठाणाची पांढरी माती आणली, गव्हाच्या भुशाचं कुटार चाळून घातलं, तुडवली. तानिमू सोबत असतो. त्याला खोलीतून बाहेर काढलं हे बरंच केलं, माणूस कामात असला की विचार कमी करतो.

आज जमुना डबा घेऊन आली. तुबाल्या पाहून म्हणाली, "या तर मुंगवड्या होत." पदर खोचून बसली आणि आम्ही दोघांनी सकाळपासून केल्या त्याच्याहून जास्त तासाभरात घातल्या. तानिमू म्हणाला, "काकू, तुमी कानोत असत्या तं राजानं तुमाले ठेवून घेतलं असतं." ती म्हणाली, "ठेवून घेतलेल्याचं काय होते ते पाह्यतोच आपन, तानाजी. तुलेबी ठेवूनच घेतलं ना कॉलेजनं." दोघंही हसले. मी आकाराबद्दल सांगत होतो, टोक अजून बारीक हवं, ते कोणी ऐकलं नाही.

१३ जुलै

गिलाव्याचं कोडं सुटता सुटता राहिलं. पुस्तकात एक ओळ आहे, निळीच्या हौदाच्या तळचा गाळ भाजून त्याचा गिलावा करत, तो पाण्याला दाद देत नसे. प्रमाण दिलेलं नाही. तानिमूचे आजोबा रंगारी होते, हे त्याने मला इतक्या दिवसांनी आज सहज सांगितलं! त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता आईला फोन लाव.

तोंड दिसणारा फोन लावला. बाई साठीच्या, डोक्यावर निळी ओढणी. त्यांच्यात नमस्कार-चमत्कार लांबलचक असतात: झोप कशी झाली, घरचे कसे, थकवा कसा, कामं कशी. ते संपेपर्यंत मी धीर धरला. तानिमूने माझी ओळख काका म्हणून करून दिली. त्यावर बाई हसल्या. त्यांच्या भाषेत काका म्हणजे आजोबा. मी बावन्न वर्षांचा आहे.

मग मी विचारायला घेतलं. गाळ किती, राख किती, भाजायचा किती वेळ. तानिमू भाषांतर करत होता. त्या उत्तर देता देता मध्येच दुसरंच बोलू लागल्या, बराच वेळ, आणि ओढणीने डोळे पुसू लागल्या. मी म्हटलं, काय म्हणतात? तो म्हणाला, "काई नाई. कवा येतो, विचारते." मी म्हटलं, ते सांग, पण राखेचं राहिलं. तेवढ्यात तिकडची वीज गेली.

प्रमाण मिळालं नाही. बाजारातली निळीची पुडी कालवून पाहिली. तट धुतलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. खरवडून काढला.

२१ जुलै

आज तानिमूसाठी पूर्ण सकाळ दिली. कॉलेजच्या कचेरीत जानराव म्हणून हेडक्लार्क आहेत. त्यांनी निरोप पाठवला होता की साहेब राजी आहेत. स्थानिक माणसाने हमी लिहून दिली तर फी नंतर घेऊ आणि तात्पुरतं प्रमाणपत्र काढू. हमी द्यायला मी तयारच होतो. इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

जानरावांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. कागद काढता काढता शेजारच्याला म्हणाले, "अरे, तो आपल्या हबशाचा अर्ज आन बरं इकडं."

मी म्हटलं, हबशी कोण? ते म्हणाले, "हाच ना बाप्पा, दुसरा कोन हाय आपल्या कॉलेजात?" मी म्हटलं, हबशी म्हणजे हबसाणचे, ते आफ्रिकेच्या पूर्वेकडे. हा हाऊसा आहे, पश्चिमेकडचा. अकोला आणि अफगाणिस्तान यात जितकं अंतर, त्याहून जास्त. यांचे पूर्वज तटाच्या आत बसून दिव्याखाली हिशेब लिहीत होते तेव्हा तुमच्या गावाला वेस तरी होती का? जानराव म्हणाले, "चंद्रभानभाऊ, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला." मी म्हटलं, आधी शब्द मागे घ्या. सगळी कचेरी गोळा झाली. कोणीतरी मागून हसलं. जानराव लाल झाले. अर्ज गठ्ठ्यात परत घातला आणि म्हणाले, "असं हाय का? मंग नियमानं होऊ द्या. दोन लाख दहा हजार पूर्न भरना करा अन् कागद घेऊन जा."

ताठ मानेने बाहेर आलो. असं कोणीतरी सुनावायलाच हवं होतं.

फाटकाबाहेर तानिमूने हातातले कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाला, "काका, तो मले चार वर्सं झाले हबशीच म्हनते. मी त्याले जानरावमामा म्हनतो. ईदीले त्याच्या घरी शिरखुर्मा देऊन येतो. आज काम होऊन राह्यलं होतं."

स्वाभिमान कमी आहे पोरात. आपला इतिहास न वाचल्याचा हा परिणाम. त्याला रात्री तट कसा बांधला त्याचं प्रकरण वाचायला दिलं.

२२ जुलै

प्रकरण न वाचता दाराशी ठेवून गेला.

३० जुलै

चंदन चौघांना घेऊन पाहायला आला. तटाची एक पूर्ण बाजू, दरवाजा, त्यामागे वीसेक धाबी, निळीचे हौद. हौदांत खरा निळा रंग. मी वाकून एकेक गोष्ट दाखवली, तुबालीपासून रेल्वेपर्यंत. चौघं मोबाईल पाहत होते. चंदन कमरेवर हात ठेवून उभा.

"भाऊ, याच्यात आफ्रिका कोठी हाय?"

म्हटलं, हीच.

"हे तं आमच्या मामाचं घर हाय, नांदगाव खंडेश्वरचं. असंच धाबं, अशीच पनाळी. हे पाहाले अमरावतीची पब्लिक तीन तास लाइनीत उभी राह्यीन?" त्याचा एक पोरगा म्हणाला, "भाले तरी टाका ना काका दोन-चार." चंदन निघताना म्हणाला की त्याने दुसऱ्याला सांगितलं आहे, आगाऊ रक्कम दिवाळीपर्यंत परत दिली तरी चालेल. तो वाईट मुलगा नाही. त्याला आफ्रिका पाहायची होती आणि त्याला मामाचं घर दिसलं. मला वाटतं यात काहीतरी मोठं आहे, पण ते नीट शब्दांत येत नाही.

तानिमू तुबाल्यांचं पोतं शिवत होता. म्हणाला, "मंग आता बंद करू ना, काका?"

बंद? आता तर कोणाची अट उरली नाही.

१७ ऑगस्ट

शेडमध्ये सकाळी शिरतो तो अंधार पडल्यावर बाहेर येतो. मधल्या वेळात कधी पाऊस आला, कधी थांबला, ते टिनावरच्या आवाजाने कळतं. गुडघे आखडतात. तटाच्या आत बसून काम करावं लागतं, कारण बाहेरून हात पोचत नाही. आत जायला सरपटत आणि बाहेर यायला सरपटत. आज दुपारी आत बसलो असताना पाय असे अडकले की तट मोडल्याशिवाय उठताच येईना. हाक मारायला कोणी नव्हतं. संध्याकाळी जमुना आली तेव्हा तिने काखेत हात घालून ओढलं. म्हणाली, "आता घरी चाला." मी म्हटलं, एवढा बुरूज संपवतो. ती उंबऱ्यावर बसून राहिली. 

घरी जाऊन तरी काय करायचं? अंजनगावला गेलो तर किसनराव विचारतील. इतर मंडळांची कामं वाटून झाली. मागे जायला वाट नाही, म्हणून पुढे तट.

तानिमू रोज येत नाही आता. आला तर तासभर हात चालवतो आणि जातो.

४ सप्टेंबर

दक्षिणेकडचा तट पूर्ण. शिंगं, त्यांच्या भाषेत झंकवाये, सगळी बसली. एकही तडकलं नाही. कुटार बारीक चाळल्याचा गुण.

त्यांच्याकडे लग्न ठरलं की कोलाची फळं वाटतात. आपल्याकडे सुपारी फोडतात तसंच. ही समान चाल कोणी नोंदवलेली मला आढळली नाही, म्हणून नोंदवतो. तानिमूची फळं दोन वर्षांमागे वाटून झाली. मुलीकडच्यांचा निरोप आहे, नोकरी नक्की झाल्याचं कळलं नाही तर ते ऑक्टोबरनंतर दुसरं पाहतील. मी विचारलं, वाटलेली फळं परत करायची रीत आहे का? तो हात धुऊन निघून गेला. त्याला रीत माहीत नसावी.

१९ सप्टेंबर

आज शेडमध्ये गिऱ्हाईक आलं. नितेश नावाचा माणूस, परतवाड्याचा. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर त्याचं नवं पर्यटन केंद्र होतं आहे, झुले, पाण्याचा धबधबा वगैरे. तानिमूने कानोचे फोटो मोबाईलवर टाकले होते, ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेले. म्हणजे तानिमूनेच बोलावलं, मला न विचारता.

नितेश बोलायला गोड. बूट बाहेर काढून आत आला, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तटावरून अलगद हात फिरवला. "काका, मानलं तुमाले. फाटकातून आत शिरलं का हेच दिसलं पाह्यजे लोकायले." मग पुढे: तटावर पुतळे हवेत, कमरेला पानं, हातात भाले, जीभ बाहेर. पाटी, 'जंगलच्या राजाचा किल्ला'.

मी नाही म्हटलं. रक्कम लिहायची गरज नाही. काही गोष्टी विकायच्या नसतात.

२१ सप्टेंबर

तानिमू खाली आला. जमुना भाजी निवडत होती, तिच्या समोरच बोलला. चार वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"काका, भाले लावू द्या ना त्याले. भाले तं होतेच आमच्याकडं."

मी म्हटलं, होते. पण ते घोडेस्वाराच्या हातात होते, आणि त्या स्वाराच्या आणि घोड्याच्या अंगावर सावरीचा कापूस भरलेलं गोधडीसारखं चिलखत होतं. पानं बांधलेला हाऊसा कोणत्या पुस्तकात आहे ते दाखव.

"मले पुस्तक नाई दाखवायचं. मले घरी जायचं हाय."

"उद्या हजार माणसं तुझ्या पूर्वजांना हसतील. चालेल तुला?"

"हसू द्या. तिथं चिखलदऱ्याले हसतीन, कानोत कोनाले आयकू येते? काका, ते शहर हाय अजून. खरं हाय. लोक राह्यतात त्याच्यात. माही माय राह्यते. हे," त्याने शेडच्या दिशेने हात केला, "हे माती हाय."

जमुना खाली मान घालून म्हणाली, "पोरगा काय म्हनते ते आयका एकडाव." मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? ती म्हणाली, "मले कानो नाई कळत. वरच्या खोलीतलं रडनं कळते. भित पातळ हाय तुमची."

भिंत पातळ नाही. नऊ इंची आहे. मी बांधली आहे.

२२ सप्टेंबर

तानिमू शेडमध्ये आला नाही. एकट्याने उत्तर दरवाजा घेतला. तुबाल्या कमी पडल्या. जमुनाला म्हटलं, पन्नासेक घालून दे. म्हणाली, हात दुखतो.

१० ऑक्टोबर

चार दिवसांमागे मीच जानरावांकडे जाऊन आलो. हे कोणाला सांगितलेलं नाही. कचेरीच्या दाराशी थांबलो. ते बाहेर आले, मला पाहिलं. म्हणाले, "बोला, भाऊ." मी म्हटलं, ती हमीची गोष्ट. ते म्हणाले, साहेब बदलून गेले, नवे ऐकत नाहीत, "तवाच झालं असतं पाहा." मग खालच्या आवाजात: "पोरगा बरा हाय हो. शिरखुर्मा द्यायचा." मला वाटलं होतं ते मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

कानोवर त्या दिवशी काम केलं नाही. त्यानंतर केलं.

२६ ऑक्टोबर

तट पूर्ण झाला. सगळे दरवाजे, बाजार, हौद, तळी. डाला टेकडीही, लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांसकट. याआधी मी केलेल्या कुठल्याही कामाहून हे चांगलं आहे, आणि मी हे हलकेपणाने लिहीत नाही.

पाहायला रागिणी आली होती. बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "बाबा, यात माणसं कुठं आहेत?" मी म्हटलं, माणसांचं प्रमाण चुकलं की सगळं चुकतं, ती शेवटी. ती म्हणाली, "शेवट झाला ना आता?"

२९ ऑक्टोबर

तानिमू गेला. कॉलेजच्या मित्रांनी आणि मशिदीतल्या लोकांनी मिळून तिकिटाचे जमवले. प्रमाणपत्र इथेच. मुलीकडच्यांनी गेल्या आठवड्यात निरोप पाठवला, त्यांनी शेजारच्या कात्सिना शहरातला एक मुलगा पाहिला आहे. हे मला जमुनाकडून कळलं.

स्टेशनला जाण्याआधी रिक्षा जिनिंगकडून वळवायला त्यानेच सांगितलं. शेडमध्ये आला. बॅग खांद्यावर तशीच. सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, वाकून, आतसुद्धा. म्हणाला, "लय चांगलं झालं, काका. खरंच." मग म्हणाला, "पन सगळे दरवाजे बंद काहून केले?"

मी सांगायला घेतलं की दरवाजे संध्याकाळी बंद होत असत आणि मी संध्याकाळ दाखवली आहे, म्हणून तर सावल्यांचा रंगही पूर्वेकडे गडद आहे. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. जमुनाने त्याच्या हातात डबा दिला, मुंगवड्यांची पिशवीही. "पोचला का फोन कर, तानाजी." तिच्या पाया पडला. मग माझ्या.

मी त्याला नाव बरोबर घेऊन निरोप दिला. त्याच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

२ नोव्हेंबर

वरची खोली झाडली. भिंतीवर, डोकं टेकत असेल त्या जागी, तेलकट डाग आहे. चुना मारावा लागेल.

आज जेवताना जमुनाने विचारलं, "तो परतवाड्याचा किती देऊन राह्यला होता?" मी पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे सरकवला. तिला सांगितलं नाही, पण दैनंदिनीत चुकीची नोंद राहू नये. १९ सप्टेंबरची नोंद अपुरी आहे, ती पुरी करतो.

भाल्यांवरून मी नाही म्हटल्यावर नितेश शेडबाहेर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला आणि परत आला. म्हणाला, भाले नको, पुतळे नको, जंगलच्या राजाची पाटीही नको. जे आहे ते तसंच, कानो म्हणूनच लावतो; हा पोरगा सांगेल तो इतिहास मराठीत लिहून बाजूला लावतो. उचलायचा खर्च त्याचा. त्याची एकच गोष्ट होती: पाटीवर बनवणाऱ्याचं नाव येणार नाही, कारण बाकी सगळ्या पाट्यांवर त्याच्या वडिलांचं नाव आहे. तानिमू दारात उभा राहून ऐकत होता. २१ तारखेला जमुनासमोर त्याने भाल्यांचंच काढलं, नावाचं झाकून ठेवलं. मी दोघांनाही जायला सांगितलं.

सगळी रक्कम त्याच दिवशी, रोख. दोन लाख पंचवीस हजार.